हॉर्नसीच्या मनोऱ्याचं कूळ

उत्तर लंडनच्या क्राउच एंड उपनगरात हॉर्नसीचं नगरभवन आहे. न्यूझीलंडहून आलेल्या रेजिनाल्ड उरेनने स्पर्धा जिंकून त्याचा आराखडा केला आणि १९३५ साली ते खुलं झालं. १९६५ मध्ये हॉर्नसीची पालिका हॅरिंगे पालिकेत विलीन झाली आणि नगरभवनाचा मूळ कारभार आटोपला.

मला ओढ आहे ती त्याच्या विटांच्या मनोऱ्याची. हा आला कुठून? त्या काळच्या इंग्लंडमध्ये विटांचा मनोरा दिसला की स्टॉकहोमचं नाव निघे. राग्नार ओस्टबेरीचं तिथलं नगरभवन १९२३ चं. मनोरा १०६ मीटर, माथ्यावर सोनेरी तीन मुकुट. नॉर्विचच्या नगरभवनावर त्याची छाया आहे, हे मान्य. पण हॉर्नसीला मुकुट नाही, नक्षीदार शिखर नाही. कोऱ्या भिंतींचे चौकोनी ठोकळे एकमेकांत गुंतवून त्यांतून एका अंगाला मनोरा वर काढायचा, ही रीत हॉलंडमधल्या हिल्फरसमची. विलेम दुदोकचं तिथलं नगरभवन १९३१ मध्ये पुरं झालं. १९३५ मध्येच ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने दुदोकला सुवर्णपदक दिलं. स्टॉकहोमचा दावा मी इथेच निकालात काढतो.

मग दुदोकने हे कुठून घेतलं? अभ्यासक अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडे बोट दाखवतात, आणि पुरावा भक्कम आहे. राइटच्या कामाचा जर्मन संग्रह १९१० पासून युरोपात फिरत होता. डच वास्तुविशारद बेर्लाख १९११ मध्ये अमेरिका पाहून आला आणि मायदेशी त्यावर व्याख्यानं देऊ लागला. हिल्फरसमच्या पिवळ्या विटांत आडव्या दरजा खोल ठेवल्या आहेत, त्यामुळे भिंतीवर सावलीच्या आडव्या रेघा उमटतात. आडव्या रेघेचा हा सोस राइटचाच.

तरीही राइटवर सगळं भागत नाही. दुदोक ब्रेडाच्या लष्करी अकादमीत शिकला आणि सैन्याचा अभियंता म्हणून किल्लेबांधणीवर होता. हिल्फरसमच्या बांधकाम खात्यात तो १९१५ मध्ये आला. हे वाचलं आणि मनोरा मला निराळा दिसू लागला. राइटची घरं जमिनीसरशी पसरतात, छपरं भिंतींच्या पुढे झेपावतात. हिल्फरसमच्या भिंती सरळ उठतात आणि माथ्याशी तुटक थांबतात. त्यांची ताकद वस्तुमानात आहे, सजावटीत नाही. भिंतीकडे असं पाहणं तटबंदी बांधणाऱ्याचं. दुदोकने तसं कुठे लिहून ठेवलं असो वा नसो, माझ्या लेखी हॉर्नसीच्या मनोऱ्याचा आजा किल्लाच.

या कुळाची एक शाखा आपल्याकडेही पोहोचली. कोलकात्याच्या हुमायून प्लेसमधलं लाइटहाउस चित्रपटगृह दुदोकचंच, १९३० च्या दशकातलं.