वीजबिल थकलं आणि घरात एकटे आजी-आजोबा: वीज तोडण्याआधी कायदा काय सांगतो?

घरात एकटीच राहणारी सत्तरीची आजी. वीजजोडणी दहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याच्या नावावर. बिलाला जोडलेला मोबाइल नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा. तीन महिन्यांचं बिल थकतं आणि एक दिवस वायरमन येऊन वीज तोडून जातो. "नोटीस पाठवली होती," असं कार्यालयात सांगितलं जातं. नोटीस खरंच पाठवलेली असते, फक्त ती आजींपर्यंत आलेली नसते.

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी अशी घरं महाराष्ट्रात शोधावी लागत नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात साठीच्या पुढच्या लोकांचं प्रमाण जवळपास १० टक्के होतं. त्यातले अनेक जण तुटपुंज्या पेन्शनवर किंवा मुलांनी पाठवलेल्या पैशांवर जगतात. अशा घरात वीज तोडली जाते तेव्हा पंखा, पाण्याची मोटर, मोबाइलचं चार्जिंग आणि फ्रिजमधलं इन्सुलिन असं सगळंच अडतं.

वीज तोडण्याचे नियम काय आहेत? ज्येष्ठांना काही वेगळं संरक्षण आहे का? आणि तशी वेळ आलीच तर काय करता येतं?

हातात पैसे किती येतात?

राज्यातल्या गरीब ज्येष्ठांसाठी मुख्य आधार आहे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेचा. त्यासाठी वय ६५ किंवा त्याहून जास्त असावं लागतं. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावं लागतं, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये.

या योजनेत पूर्वी महिन्याला १,००० रुपये मिळायचे. जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने ही रक्कम १,५०० केली. म्हणजे दिवसाला ५० रुपये. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेतला केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये आहे. उरलेली रक्कम राज्य घालतं.

खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांची स्थिती फार वेगळी नाही. ईपीएस-९५ योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. ती वाढवावी म्हणून निवृत्त कामगार अनेक वर्षं आंदोलन करत आहेत.

रक्कम कमी आहेच, पण ती वेळेवर येईल याचीही खात्री नसते. हयातीचा दाखला राहिला, बँक खात्याला आधार जोडलेलं नसलं किंवा अनुदान उशिरा आलं, तर दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम मिळतात. बिल मात्र दर महिन्याला येतं आणि मुदत चुकली की त्यावर १.२५ टक्के विलंब आकार लागतो. वीज अजिबात वापरली नाही तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

थकबाकी झाली की लगेच वीज तोडता येते का?

नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. महावितरण, बेस्ट, अदानी, टाटा पॉवर अशा सगळ्याच कंपन्यांना हा नियम लागू आहे.

याच कलमात ग्राहकाच्या बाजूच्या आणखी दोन तरतुदी आहेत. त्या फारशा कुणाला माहीत नसतात.

पहिली, बिलाबद्दल वाद असेल तर पूर्ण रक्कम भरण्याची सक्ती नाही. मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या बिलांच्या सरासरीनुसार होणारी रक्कम, यापैकी जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून' भरायची. तेवढी भरली की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

दुसरी, एखादी रक्कम पहिल्यांदा देय झाली त्यानंतर दोन वर्षं उलटली आणि ती सलग थकबाकी म्हणून बिलात दाखवलेली नसेल, तर कंपनी त्या रकमेसाठी वीज तोडू शकत नाही.

वीज तोडली गेलीच, तर थकबाकीसोबत पुनर्जोडणीचं शुल्कही भरावं लागतं. जोडणी बराच काळ बंद राहिली तर ती कायमस्वरूपी खंडित होते आणि पुन्हा वीज घेणं आणखी खर्चिक होतं.

मग अडचण कुठे येते?

कायद्यातलं सगळं संरक्षण नोटिशीवर उभं आहे. ती मिळाली तर १५ दिवसांत पैशांची जुळवाजुळव करता येते, तक्रार करता येते. नाही मिळाली तर हातात काहीच राहत नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत नेमकी इथेच गाडी अडते.

वीज कंपन्या आता बिलाची माहिती आणि थकबाकीच्या सूचना मोठ्या प्रमाणावर मोबाइलवर पाठवतात. नोंदवलेला नंबर मुलाचा, जुन्या भाडेकरूचा किंवा बंद पडलेला असेल, तर कागदोपत्री सूचना पोहोचते आणि प्रत्यक्षात पोहोचत नाही. महावितरणच्या 'गो-ग्रीन' योजनेत छापील बिल नाकारलं की बिलामागे १० रुपये सवलत मिळते. शहरातल्या मुलाने ही सवलत घेतली, तर गावातल्या आईच्या घरी कागदाचं बिल येणंच बंद होतं.

त्यात भर पडते बनावट मेसेजची. "मागील बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर संपर्क करा" अशा मेसेजवरून अनेकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. अनोळखी मेसेजवर विश्वास ठेवू नका, असं कंपन्या आणि पोलीस सांगतात. सावध झालेले आजोबा मग खऱ्या मेसेजकडेही दुर्लक्ष करतात. एक खूण लक्षात ठेवता येईल: त्याच रात्री वीज तोडण्याची धमकी कायद्यातल्या १५ दिवसांच्या अटीत बसत नाही.

पैसे भरायला जाणंही सोपं राहिलेलं नाही. महावितरणने १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकांकडून महिन्याला ५ हजार रुपयांपर्यंतच रोख घेण्याची मर्यादा घातली. थकबाकी त्याहून जास्त झाली की ऑनलाइन भरण्यासाठी दुसऱ्याची मदत लागते.

बिल अचानक फुगलं तर?

दार बंद होतं, मीटर दिसला नाही, अशा कारणाने काही वेळा सरासरीने बिल दिलं जातं. नंतर खरं रीडिंग घेतलं की फरकाची मोठी रक्कम एकदम अंगावर येते. केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियम २०२० नुसार असं तात्पुरतं बिल सलग दोन बिलिंग चक्रांपेक्षा जास्त काळ येत राहिलं, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल मिळेपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. यात नैसर्गिक आपत्तीसारख्या परिस्थितीचा अपवाद आहे.

वर्षातून एकदा येणारं अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिलही गोंधळात टाकतं. ते नेहमीच्या बिलापेक्षा वेगळं असतं आणि हप्त्यांनी भरता येतं. ही रक्कम ग्राहकाची ठेव असते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

वर्षाला ३६० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी महावितरणचा वेगळा, स्वस्त दर आहे. एकट्या माणसाचा वापर कमीच असतो. त्यामुळे बिलावर कोणता वर्ग छापला आहे, हे एकदा पाहून घ्यावं.

घरमालकाने वीज किंवा पाणी तोडलं तर?

सगळी तोडणी कंपनीच करते असं नाही. जुन्या चाळींमध्ये, पागडीच्या खोल्यांमध्ये म्हाताऱ्या भाडेकरूला बाहेर काढण्यासाठी दिवे-पाणी बंद करण्याचे प्रकार होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ नुसार घरमालकाला योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट, स्वच्छता या अत्यावश्यक सेवा तोडता येत नाहीत. भाडेकरू कोर्टात जाऊन सेवा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मागू शकतो. दोषी घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडाची शिक्षा होऊ शकते.

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात म्हटलं की वीज ही मूलभूत सुविधा आहे, आणि घरमालक ना-हरकत दाखला देत नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही. पाण्याबाबत मुंबई हायकोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निर्णय दिला. पाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो आणि अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाणी पूर्णपणे नाकारता येत नाही, असं कोर्टाने स्पष्ट केलं.

शेजाऱ्याकडून वायर घेतली तर चालते का?

वीज गेली की पहिला उपाय हाच असतो. शेजारी माणुसकीने खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड देतात. पण एका घरासाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या घरात वापरणं कलम १२६ नुसार 'अनधिकृत वापर' ठरू शकतं. अशा वापराचं बिल दुप्पट दराने काढलं जातं आणि ते मदत करणाऱ्या शेजाऱ्याच्या नावावर येतं. शेजाऱ्याला खरी मदत करायची असेल, तर वायर देण्यापेक्षा बिलाचे पैसे उसने देणं किंवा तक्रारीचा अर्ज लिहून देणं दोघांच्याही फायद्याचं आहे.

ज्येष्ठांसाठी वेगळा नियम नाही का?

वीज तोडण्याबाबत नाही. कलम ५६ मध्ये वय, आजारपण किंवा ऋतू यांचा उल्लेख नाही. सत्तरीच्या आजींना आणि तिशीच्या तरुणाला तेच १५ दिवस.

ब्रिटनमध्ये पेन्शनच्या वयाची व्यक्ती एकटी राहत असेल तर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात थकबाकीसाठी तिची वीज किंवा गॅस तोडता येत नाही. अर्थात, तिथेही प्रीपेड मीटरमधले पैसे संपले की वीज बंद पडतेच. महाराष्ट्रात सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसवणार नाही, असं सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केलं होतं.

निरोप न पोहोचल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या बे सिटी शहरात दिसलं. जानेवारी २००९ मध्ये तिथे ९३ वर्षांचे एक माजी सैनिक आपल्याच घरात थंडीने गारठून मरण पावले. बिल थकल्यामुळे शहराच्या वीज विभागाने त्यांच्या मीटरवर वीजपुरवठा मर्यादित करणारं उपकरण बसवलं होतं. पण ते काय आहे आणि पुन्हा कसं सुरू करायचं, हे त्यांना समोरासमोर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे पैसे नव्हते असंही नाही.

आपल्याकडे दारापर्यंत जाण्याची तरतूद कागदावर आहे. २०२० च्या त्याच वीज ग्राहक हक्क नियमांनुसार अर्ज घेणं, बिल भरून घेणं यांसारख्या सेवा वीज कंपनीने ज्येष्ठ नागरिकांना घरपोच द्यायच्या आहेत. म्हणजे बिल भरायला किंवा नावात बदल करायला म्हाताऱ्या माणसाने रांगेत उभं राहावं, अशी नियमाची अपेक्षा नाही. ही सेवा मागणं हा हक्क आहे.

वीज तोडायची वेळ आली तर काय करायचं?

१. नोटीस आणि तारीख तपासा. नोटीस कधी, कोणत्या नंबरवर किंवा पत्त्यावर पाठवली, हे कार्यालयात लेखी विचारा. महावितरणसाठी १९१२ या टोल फ्री क्रमांकावर ग्राहक क्रमांक सांगून थकबाकीची माहिती मिळते.

२. हप्ते मागा. एकदम भरणं शक्य नसेल तर तसा लेखी अर्ज उपविभागीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. वादाचं बिल असेल तर कलम ५६ चा उल्लेख करून सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरा.

३. तक्रार करा. आधी कंपनीचा तक्रार कक्ष, मग ग्राहक तक्रार निवारण मंच. वीज नियमबाह्यपणे तोडली जाण्याची भीती असेल तर कक्षाच्या उत्तराची वाट न पाहता मंचाकडे जाता येतं. त्यासाठी वकील लावावा लागत नाही. मंचाचा निर्णय मान्य नसेल तर ६० दिवसांत मुंबई किंवा नागपूरच्या विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते.

४. मुलं लक्ष देत नसतील तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायदा २००७ नुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. माहितीसाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे: १४५६७.

५. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

आणि थकबाकी नसतानाच करून ठेवण्यासारखं एक काम. गावी किंवा शेजारी कुणी ज्येष्ठ एकटे राहत असतील, तर त्यांच्या वीजबिलावर कुणाचं नाव आणि कोणता मोबाइल नंबर आहे ते पाहा. तो बंद असेल तर बदलून द्या आणि छापील बिल सुरू आहे का, तेही विचारा. पुढची सूचना येईल तेव्हा ती त्यांच्या हातात पडेल.