गाळलेली शिवी, उरलेला तमाशा : लोकनाट्याच्या चित्रमुद्रणातील श्लीलतेचा प्रश्न

चंडीगढ येथील अभ्यागत प्राध्यापकपदाच्या काळात तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्यांना एका मराठी लोकनाट्याचे चित्रमुद्रण दाखविण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. वर्गात पंजाबी व हरियाणवी मुलेमुली, दोघे हिमाचली. मराठी कोणालाच येत नव्हती. मुद्रण एका प्रसारण-मंचावरून घेतलेले, 'सहकुटुंब पाहण्यायोग्य' अशी खूण असलेले. गण झाला, गवळण झाली, बतावणी रंगात आली आणि सोंगाड्याच्या तोंडून शब्द निघण्याऐवजी 'टूंऽ' असा यांत्रिक ध्वनी आला. थोड्या वेळाने पुन्हा, मग तिसऱ्यांदा. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शब्द कोणता होता?" पहिल्या दोन जागी शिव्या होत्या, त्या सवयीने सांगता आल्या. तिसऱ्या जागेसाठी मात्र तो तुकडा मागेपुढे करून नटाच्या ओठांच्या हालचाली न्याहाळाव्या लागल्या. तो शब्द 'मुसळ' होता.

मुसळ ही काही शिवी नव्हे. कोकणात, देशावर, वऱ्हाडात सर्वत्र उखळाशेजारी उभे असणारे ते लाकूड आहे. तमाशाच्या बोर्डावर त्याला दुसरा अर्थ येतो, हे खरे. परंतु तो अर्थ शब्दात नसतो, समोरच्या गर्दीत असतो. कात्री चालविणाऱ्याने गर्दीतला अर्थ ओळखला आणि शब्दाला शिक्षा दिली. या एका ध्वनीमागे मराठी लोकरंगभूमीच्या नियमनाचा सुमारे पाऊण शतकाचा इतिहास उभा आहे.

चित्रित रंगप्रयोगांची अशी छाटणी हा केवळ आपल्याकडचा प्रकार नाही. लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या 'हॅमिल्टन' या संगीतिकेचे चित्रण न्यूयॉर्कच्या रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात २०१६ साली झाले आणि ३ जुलै २०२० रोजी ते डिस्ने प्लसवर प्रसारित झाले. मूळ संहितेत एका विशिष्ट इंग्रजी शिवीचा तीनदा उल्लेख येत असे. अमेरिकन वर्गीकरणाच्या प्रथेनुसार त्यामुळे मुलांना ती संगीतिका पालकांवाचून पाहता आली नसती. मिरांडांनी स्वतःच दोन जागा सोडून दिल्या : एके ठिकाणी आवाज बंद केला, दुसऱ्या ठिकाणी तबकडीवर सुई घासल्याचा खरखराट टाकला. गाणी तोंडपाठ असलेल्या प्रेक्षकाला त्या रिकाम्या जागेत काय बसते ते ठाऊकच असते. येथे छाटणी कर्त्याने केली आणि तिला संगीताचा आकारही दिला, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्या मुद्रणातला 'टूं' कोणी दिला हे विचारायला गेल्यास उत्तर देणारा कोणी सापडत नाही.

तमाशाच्या बाबतीत अश्लीलतेचा आरोप कलेइतकाच कलावंतांच्या जातीवरही होता. पेशवाईतील शाहिरांची शृंगारिक लावणी सरदारांच्या दिवाणखान्यात चालत होती. तीच महार, मांग, कोल्हाटी कलावंतांच्या फडात उघड्यावर आली की ती ओंगळ ठरे. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण असून ते पवळा या महार कलावतीच्या साथीने फडावर उभे राहिले, तेव्हा समाजाला शब्दांपेक्षा ते उभे राहणेच अधिक बोचले. होनाजी बाळाचे उदाहरण याहून बोलके आहे. लावणीचा हा शाहीर मध्यमवर्गीय घरांत शिरला तो भूपाळीच्या हाताला धरून, व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) या चित्रपटाने त्याची ती ओळख पक्की केली. चित्रपटाने काहीही पुसले नाही, केवळ निवड केली. सहकुटुंब प्रेक्षक घडविण्याची ही सर्वांत सभ्य रीत म्हणावी लागेल.

शासनाची रीत एवढी सभ्य नव्हती. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४८ च्या सुमारास, अश्लीलतेच्या कारणावरून मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. कलावंतांची उपासमार होऊ लागल्यावर सुधारणेच्या अटी घालून ती शिथिल करण्यात आली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ साली उभारलेल्या लाल बावटा कलापथकालाही सरकारी रोषाची झळ लागली. तेथे आक्षेप शृंगाराचा नव्हता, राजकारणाचा होता. आणि गंमत अशी की, तमाशातला गण व गवळण बदलून त्याला 'लोकनाट्य' हे प्रतिष्ठित नाव मिळवून देण्यात याच डाव्या शाहिरांचा वाटा मोठा होता. सुधारणेची भाषा सरकार आणि सरकारचे विरोधक दोघेही बोलत होते.

या नियमनाचा खोल परिणाम मात्र अटींपेक्षा कार्यपद्धतीने घडवला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या परवान्यांचे नियम झाले. त्यांतील १९६० च्या नियमांच्या शीर्षकातच मेळे आणि तमाशे यांचा नामनिर्देश आहे. प्रयोगाआधी संहिता तपासायची, तर संहिता हवी. तमाशाला ती नव्हती. वगाचे कथानक, ठरलेली पदे आणि प्रवेशांचा क्रम एवढीच फडाची पुंजी. बाकीचे सर्व त्या रात्रीचे. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' ज्यांनी दोनदा पाहिले, त्यांनी एकच नाटक दोनदा पाहिले असे म्हणता येणार नाही. गावचा पाटील, परवाचा पाऊस, समोर बसलेला फौजदार यांतून सावळ्या कुंभाराचे बोलणे वाढत जाई. अशा कलेकडे टंकलिखित प्रत मागितली गेली. प्रत तयार झाली, तिच्यावर शिक्का बसला आणि प्रयोग पूर्वीसारखाच तोंडी चालू राहिला. एकाच नाटकाची दोन शरीरे झाली : एक कचेरीत, एक बोर्डावर.

येथे एक तांत्रिक बाब नोंदविली पाहिजे. कसलेला सोंगाड्या शिवी क्वचितच पुरी उच्चारतो. तो पहिले अक्षर उचलतो, थांबतो, मावशीकडे किंवा ढोलकीवाल्याकडे पाहतो. ढोलकीवर थाप पडते आणि उरलेला शब्द प्रेक्षक मनात म्हणतात. कित्येकदा तो थांबून भलताच निरागस शब्द पुढे करतो आणि प्रेक्षकच पापी ठरतात. शिक्का मारलेल्या संहितेत हा विराम सापडणे शक्य नव्हते, कारण तेथे काहीच लिहिलेले नसते. परीक्षकाने शिवी काढली की विरामाची किंमत वाढे. द्व्यर्थ हा तमाशाचा जुनाच अलंकार. त्याला संरक्षक चिलखताचे रूप परवानापद्धतीने दिले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) या लोकनाट्यात या चिलखताचा सर्वांत तेजस्वी वापर दिसतो. दादा कोंडके यांच्या हवालदाराने हजाराहून अधिक प्रयोगांत राजकारण्यांची आणि अंमलदारांची टर उडविली. तोवर तमाशाला न जाणाऱ्या पांढरपेशा घरांतील स्त्रियाही नाट्यगृहात येऊन बसल्या. हेच नाटक 'सैंया भये कोतवाल' म्हणून हिंदीत गेले. उत्तरेतील वाचकांना ते त्या नावाने ठाऊक असेल. पुढे 'सोंगाड्या' (१९७१) पासून कोंडक्यांनी ही विद्या पडद्यावर नेली. 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' ही नावे शब्दकोश उघडून तपासली तर त्यांत काढण्याजोगे एकही अक्षर नाही. सेन्सॉर मंडळाशी त्यांची झालेली ओढाताण हा हसण्याचा विषय बनला, तो यामुळेच. माझ्या दृष्टीने त्या चित्रपटांत पुष्कळदा विरामाची जागा डोळे मिचकावण्याने घेतली आणि कला उणावली. पण नियमांना बगल देण्याचे कसब वादातीत होते.

दृक्श्राव्य मुद्रणाने ही दोन्ही शरीरे एक केली. आता रात्रीचे बोलणे कायमचे राहते, आणि म्हणून कायमचे छाटताही येते. येथे कायद्याकडे बोट दाखविण्याची आपली सवय थोडी आवरावी. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेले माहिती तंत्रज्ञान नियम प्रसारण-मंचांना वयानुसार वर्गीकरण करायला सांगतात : सर्वांसाठी, ७, १३ व १६ वर्षांवरील, आणि प्रौढांसाठी. त्यांत पालकांच्या कुलपाची तरतूद आहे. शिवीवर ध्वनी बसवा, असे ते म्हणत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तर मार्च २०२४ मध्ये 'कॉलेज रोमान्स' या मालिकेच्या खटल्यात शिवराळपणा आणि कायद्याला अभिप्रेत असलेली अश्लीलता यांत स्पष्ट भेद केला. तेव्हा आजचा 'टूं' बहुधा बाजाराचा असतो : खालचे वर्गीकरण मिळाले की दिवाणखान्यातला मोठा प्रेक्षक मिळतो. दुसरीकडे, जिवंत प्रयोगाच्या पूर्वपरीक्षणाला अमोल पालेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात २०१६ साली आव्हान दिले, तो प्रश्न वेगळा आणि सरळ शासनाशी निगडित.

चंडीगढमध्ये बसून या गोष्टींचा विचार करताना एक घटना विशेष जवळची वाटते. १४ डिसेंबर २०२४ रोजी दिलजीत दोसांझ यांचा कार्यक्रम येथे सेक्टर ३४ च्या मैदानावर झाला. त्याआधी चंडीगढच्या बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना सूचनापत्र पाठविले. मद्याचा गौरव करणारी काही गाणी नावानिशी सांगून ती गाऊ नयेत असे त्यात होते. आणि पुढे, शब्द फिरवूनही गाऊ नयेत, असेही. महिनाभर आधी हैदराबादला गायकाने शब्द बदलून नोटिशीला उत्तर दिले होते, त्याचा हा धडा. तमाशाच्या अभ्यासकाला ही ओळ वाचून थबकावे लागते. आपल्या परिनिरीक्षकांनी शब्द मोजले. येथे शब्दाऐवजी ठेवलेला शब्दही गुन्ह्यात धरला गेला. मुसळावर बसलेला ध्वनी त्याच जातीचा आहे.

पंजाबच्या नक्कालांची परंपरा विद्यार्थ्यांना ऐकून ठाऊक होती. दोघे नट, एकाच्या हाती चामड्याचा चमोटा. बोलणे अंगाशी आले की फटका. नीलम मानसिंह चौधरी यांनी १९८४ साली चंडीगढला स्थापलेल्या 'द कंपनी' या संस्थेने नक्कालांना आधुनिक रंगभूमीवर आणले, त्यामुळे शहरी प्रेक्षकालाही ते अपरिचित नाहीत. चमोट्याचा फटका आणि ढोलकीची थाप यांचे काम एकच : न उच्चारलेल्या शब्दाखाली रेघ ओढणे. यांत्रिक ध्वनीही वरवर तेच करतो. परंतु तो कोणाकडे पाहत नाही, कोणाची वाट पाहत नाही. बतावणीची लय ज्या अर्ध्या क्षणावर तोललेली असते तो क्षण तो भरून टाकतो.

संशोधकापुढील अडचण यापुढची आहे. लोकनाट्यांचा अभ्यास उद्या ज्या सामग्रीवर होईल ती बव्हंशी अशीच मुद्रणे असणार. फड मोडत आहेत, जुने सोंगाडे गेले. शिक्क्याच्या संहितेत काय बोलले गेले ते नाही. छाटलेल्या मुद्रणात ते होते एवढेच कळते. न छाटलेली मूळ प्रत प्रसारणासाठी दिलेल्या प्रतीबरोबरच, वेगळ्या कपाटात का होईना, एखाद्या विद्यापीठात जपली जावी, ही मागणी फार मोठी नाही. आज तरी आम्हांला ओठ वाचावे लागतात.

त्या दिवशी वर्गात मी 'मुसळ' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि उखळात धान्य कांडण्याचे लाकूड, असा अर्थ हिंदीतून सांगितला. कोणी हसले नाही. मग पतियाळाजवळच्या एका खेड्यातून येणारी विद्यार्थिनी मागच्या बाकावरून हळूच म्हणाली, "सर, घोटणा." आणि सगळा वर्ग हसू लागला, तीही.