शोपँचा हरवलेला फ्लॅट

नाही हो, रिअल इस्टेटबद्दल नाहीये हे. फ्लॅट म्हणजे स्वराला अर्धी पायरी खाली उतरवणारं चिन्ह.

झालं असं, की गेले दोन महिने मी शोपँचा २० वा प्रेल्यूड (ओपस २८, सी मायनर) कीबोर्डवर बडवतोय. जेमतेम १३ बार, संथ लय, माझ्यासारख्यालाही जमावा असा. (बार म्हणजे साधारण आपलं आवर्तन समजा.) पण तिसऱ्या बारचा शेवटचा कॉर्ड माझ्या पुस्तकात एक आणि सीडीवर भलताच! सी ला सा धरलं तर प्रश्न एवढाच, की तिथे गंधार कोमल की शुद्ध? कोमल घेतला तर अंधार तसाच राहतो, शुद्ध घेतला तर क्षणभर कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

म्हटलं, सरळ मूळ सोर्स बघू. तिथेच तर खरी भानगड आहे.

शोपँने जानेवारी १८३९ मध्ये मायोर्का बेटावर हे प्रेल्यूड पुरे केले आणि हस्तलिखित पॅरिसला मित्र फोंतानाकडे धाडलं. फोंतानाने केलेली नक्कल लाइप्झिगच्या प्रकाशकाकडे गेली. पॅरिसची आवृत्ती मूळ हस्तलिखितावरून निघाली आणि लंडनची पॅरिसच्या छापील प्रतीवरून. थोडक्यात, एका कोडच्या तीन ब्रँचेस आणि मर्ज करायला कोणीच नाही.

हस्तलिखितात त्या कॉर्डवर फ्लॅट नाही. आता नियम असा, की एखादा स्वर शुद्ध केला की बार संपेपर्यंत तो शुद्धच राहतो. त्याच बारमध्ये आधी गंधार शुद्ध केलेला आहे. त्यामुळे कागदाप्रमाणे उत्तर शुद्ध. पण स्वारी अशी चिन्हं परत लावायला बऱ्याचदा विसरायची! व्हेरिएबल रीसेट न करणाऱ्यांची परंपरा जुनी आहे तर. पुढे जेन स्टर्लिंग या स्कॉटिश शिष्येच्या छापील प्रतीत तो फ्लॅट पेन्सिलीने घातलेला सापडतो. हा बगफिक्स म्हणायचा, की मागाहून बदललेला विचार? अभ्यासक अजून भांडतायत.

मला त्याहून आवडली ती याच पानावरची दुसरी गोष्ट. हा तुकडा आधी नऊच बारचा होता. नंतर शोपँने चार बार पुन्हा, हळू आवाजात वाजवायला सांगितले आणि शेजारी प्रकाशकासाठी शेरा मारला, की ही एका गृहस्थांसाठी केलेली छोटीशी सवलत, त्यांचं म्हणणं अनेकदा बरोबर असतं. गृहस्थांचं नाव नाही. रिव्ह्यू कॉमेंट मान्य करतानाचा हा टोमणा की कौतुक, देव जाणे. पण ते चार बार नसते तर हा तुकडा मला तरी अर्धवट वाटला असता.

मी सध्या कोमल वाजवतो. शिकवताना समोर दुसरं कुणी वाजवत असताना पेन्सिल उचललेला माणूस मला कागदावरच्या माणसापेक्षा जास्त जागा वाटतो. शेजाऱ्यांचं म्हणाल, तर त्यांना दोन्ही नको आहेत.