फाळ, गोधडी आणि मिक्सर



गेल्या बैठकीत एका ताईनं मिक्सरसाठी कर्ज मागितलं. जुन्याचं काय झालं, विचारलं, तर भंगारात घातला म्हणाली. दुरुस्तीपेक्षा नवीनच परवडेल, असं दुकानात सांगितलं होतं. आपल्या बचतीतून अशी कर्जं वरचेवर जातात. म्हणून आज मोडलेलं नीट करण्याच्या जुन्या रीतींबद्दल बोलते.

देशावरच्या गावगाड्यात बारा बलुतेदार होते. आपल्या सिद्धगडाच्या पायथ्याला, डोंगरातल्या पाड्यांवर तो गाडा तसा पुरता कधी नव्हता, पण रीत समजून घेण्यासारखी आहे. सुतारानं वर्षभर औतं नीट करायची, लोहारानं फाळ पाजवायचे आणि सुगीला खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा न्यायचा. प्रत्येक कामाचे वेगळे पैसे नाहीत. आता बघा, वाटा ठरलेला असला की औत सारखं मोडण्यात सुताराचाच तोटा. वस्तू टिकली तर दोघांचंही भलं. आज उलटं आहे. आपला मिक्सर लवकर बंद पडला तर कंपनीचा दुसरा खपतो.

पण ते दिवस सोन्याचे होते, असं मी म्हणणार नाही. काम जातीनं गळ्यात पडायचं, सोडता यायचं नाही. वाट्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहण्याचा अपमान दलित घरांनी सोसला. दया पवारांच्या १९७८ सालच्या आत्मकथनाचं नावच ‘बलुतं’ आहे. आणि बाईचं नाव त्या हिशेबात कुठं होतं? भाता लोहाराची बायको ओढायची, बलुतेदार मात्र तो!

बायकांची स्वतःची दुरुस्ती म्हणजे गोधडी. उन्हाळ्यातल्या दुपारी जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून चौघीजणी चार बाजूंनी टाके घालत बसायच्या. फाटक्याचं पांघरूण व्हायचं आणि कुणाच्या घरात काय दुखतंय तेही कळायचं. माझ्या आजीची गोधडी विरली की वरून दुसरं लुगडं घालून पुन्हा शिवायची. आतली पहिली लुगडी कुणाची, ते तिलाही आठवत नसे. घर शाकारणंही असंच. पावसाआधी आज एकाचं छप्पर, उद्या दुसऱ्याचं. मजुरी नाही, फक्त जेवण.

हेच आता परदेशात नव्यानं चाललंय. २००९ साली नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅम शहरात मार्टीन पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. बिघडलेली वस्तू घेऊन यायचं, जाणकाराशेजारी बसायचं आणि शिकत शिकत नीट करायची. जात विचारायची नाही, बाई-पुरुष बघायचं नाही. २०१५ पासून बंगळुरूतही असे मेळावे भरू लागले. आपल्या केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरातली यंत्रं, गाड्या यांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथं द्यावी, हा त्यामागचा हेतू.

त्या ताईचा मिक्सर आम्ही भंगारवाल्याकडून परत आणला. वायरिंग शिकलेल्या एका मुलीनं तो उघडला, तर मोटर चांगली होती, कार्बन तेवढा झिजला होता. कर्जाचा अर्ज अजून वहीत तसाच आहे.

मृगाआधीच्या रविवारी समाजमंदिरात बसू या. मोडक्या छत्र्या, बंद बॅटऱ्या, म्हसा इथल्या जत्रेतून आणलेली आणि आता उसवलेली घोंगडी, जे असेल ते आणा. सुई-दोरा मात्र जिचा तिनं आणायचा.