चॉकलेट रोल (बिनभट्टीचा)

बिस्किटांचा चुरा, कोको पावडर आणि दूध मळून लाटलेल्या पोळीत खोबऱ्याचे सारण भरून, गुंडाळून फ्रीजमध्ये घट्ट केलेला गोड पदार्थ. ‘बिस्किटांचा रोल’ किंवा ‘स्विस रोल’ या नावांनीही तो ओळखला जातो. खरा स्विस रोल भट्टीत भाजलेल्या केकचा असतो. या रोलशी त्याचे साम्य आहे ते कापलेल्या चकतीत दिसणाऱ्या वेटोळ्यापुरते.

वाशीम जिल्ह्यात (१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला) हा पदार्थ खरा शोभतो तो उन्हाळ्याच्या सुट्टीत. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. मामाच्या घरी जमलेल्या पोरांना भर दुपारी बाहेर सोडता येत नाही आणि गॅसजवळ उभे राहायला मोठ्यांचाही जीव होत नाही. अशा वेळी कूलरसमोर परात घेऊन बसायचे आणि विस्तव न पेटवता काहीतरी गोड करायचे, यासाठी हा रोल अगदी सोयीचा. दिवाळीतही फराळाच्या ताटात त्याच्या चकत्या दिसतात, पण तिथे चकल्या-करंज्यांपुढे तो पाहुणाच.

उन्हाळ्यात हाच पदार्थ का जमतो याचे कारण कोकोत आहे. चॉकलेटच्या वडीतले कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते. म्हणजे वैशाखात खोलीतल्या हवेनेच वडी पातळ होते. कोको पावडर हा त्याच बियांमधून बरेचसे बटर दाबून काढल्यावर उरणारा भाग. ते दाबून काढण्याच्या पद्धतीचे पेटंट १८२८ साली नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांच्या कारखान्याला मिळाले. रोलमध्ये चॉकलेटची वडी नसतेच, फक्त ही पावडर असते. म्हणून तो बाहेर काढल्यावर मऊ पडला तरी वाहून जात नाही.

दुसरा घटक मारी बिस्किट. १८७४ मध्ये रशियाची राजकन्या मारिया आणि ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या विवाहानिमित्त लंडनच्या पीक फ्रीन्स कंपनीने ते काढले. आज ते गावातल्या किराणा दुकानात सहज मिळते. मारी नसेल तर ग्लुकोजची बिस्किटे चालतात. ती अधिक गोड असल्याने पिठीसाखर कमी घालावी. रोलात अंडे नसते. जिल्ह्यातले कारंजा हे दिगंबर जैनांचे जुने केंद्र आहे, आणि शाकाहारी घरांना बेकरीच्या केकपेक्षा हा रोल जवळचा वाटायला एवढे कारण पुरते. बिस्किटांत मैदा असल्याने उपवासाला मात्र तो चालत नाही. चतुर्थीला केला तर आजीच्या वाटणीच्या चकत्या दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवतात.

कृती : २०० ग्रॅम बिस्किटे मिक्सरमधून बारीक काढून चाळावीत. त्यात दोन मोठे चमचे कोको आणि दोन चमचे पिठीसाखर मिसळून तापवून गार केलेले दूध एकेक चमचा घालत मळावे. इथेच बहुतेक रोल बिघडतात. चुरा आधी दूध पिऊन घेतो आणि गोळा कोरडा वाटतो. घाईने आणखी दूध ओतले की दोन मिनिटांत त्याचे काल्यासारखे होते. पाच-सहा चमच्यांनंतर थांबून गोळा झाकून ठेवावा. सारणासाठी वाटीभर सुक्या खोबऱ्याचा कीस, अर्धी वाटी पिठीसाखर, दोन चमचे लोणी आणि विलायची. लोण्याऐवजी तूप घातले तर सारण अधिक खमंग होते, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

लाटण्यासाठी खास कागद लागत नाही. दुधाची रिकामी पिशवी कडेने कापून, धुऊन, पुसून तिला तुपाचा हात लावतात. गोळा तिच्यावर ठेवून लाटण्याने चौकोनी पोळी लाटायची, सारण कडेपासून बोटभर आत पसरायचे, आणि पिशवीची एक बाजू उचलत पोळी हळूहळू पुढे सरकवत गुंडाळायची. हे काम मोठ्या बहिणीकडे असते. चुरा चाळणे, सारण चाखणे आणि ‘झाला का?’ विचारत फ्रीज उघडणे लहानांकडे. रोल फ्रीजरमध्ये तासभर ठेवावा. वीज गेली तर दार उघडू नये, आतला गारवा बराच वेळ टिकतो. चकत्या अर्ध्या इंचाच्या, धारदार सुरीने किंवा ताणलेल्या दोऱ्याने कापाव्यात. दोऱ्याने वेटोळे दबत नाही.

याच मिश्रणाचे साच्यातले मोदक गणेशोत्सवात होतात. त्यांत सारण भरावे लागत नाही, त्यामुळे पाच वर्षांचे मूलही ते करते. भट्टीवाचून बिस्किट आणि कोको एकत्र बांधण्याची युक्ती इतरत्रही आहे. इटलीत ‘सलामे दि चोकोलातो’ नावाचा लोड करतात, तर जर्मनीत अख्खी बिस्किटे आणि चॉकलेट एकावर एक रचून ‘काल्टर हुंड’. मात्र या दोन्हींत खोबरे आणि विलायची नसते.

दूध घातलेले असल्याने रोल फ्रीजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. बाहेरगावी डब्यात देऊ नये.