माती ओळखणारा कुंभार

कारवारहून अणशीचा घाट चढून जोयड्याच्या वाटेला लागले की कुंभारवाडा येतो. गोव्याच्या माणसाला हा मुलूख परका वाटत नाही. तेच रान, तोच पाऊस, तशीच कुळागरे आणि तोंडात कोकणी-मराठीची सरमिसळ. जुनी माणसे तालुक्याला अजून सुपेच म्हणतात. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. ह्या तालुक्यात, आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोल्याच्या रानांत सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत. त्यांचा इतिहास अर्धा आपल्या गोव्याचा इतिहास आहे, पण आपण तो क्वचितच वाचतो. त्यातले एक अगदी अलीकडचे पान आज उघडायचे आहे. ते पान खेळाचे आहे.

मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो, नाहीतर अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर. ती तलवारीवर नाव कमावलेली मंडळी. उत्तर कन्नडातल्या सिद्दींची कथा निराळी आहे. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज मोझांबिकच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज जहाजांतून गुलाम म्हणून गोव्यात आले. लिन्शोटेन हा डच प्रवासी १५८० च्या दशकात गोव्यात राहून गेला. मोझांबिकहून आणलेल्या गुलामांविषयी त्याने लिहून ठेवले आहे. जुन्या गोव्याच्या बाजारात घोड्यांबरोबर माणसेही विकली जात. आमच्याकडे ह्या लोकांना 'खापरी' म्हणत, आणि तो शब्द प्रेमाने उच्चारला जात नसे.

ज्यांना हे जिणे असह्य झाले ते पळाले. सह्याद्री ओलांडला की पोर्तुगीजांचा हुकूम चालत नव्हता. पलीकडे सोंदेकरांचे राज्य होते आणि मैलोगणती जंगल होते. सगळेच सिद्दी गोव्यातून गेले असे नाही, इतर वाटांनीही ते तिथे पोहोचले. पण गोव्याची खूण आजही पुसलेली नाही. ख्रिस्ती सिद्दींच्या घरांत पोर्तुगीज वळणाची नावे आहेत, आणि घरची बोली कोकणी-मराठीच्या कुळातली आहे. पोर्तुगालने गुलामांचा व्यापार १८३६ साली बंद केला आणि गुलामगिरी कायद्याने १८६९ साली संपवली. तोवर रानातल्या ह्या माणसांच्या कित्येक पिढ्या हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तीन धर्मांत विभागून, दुसऱ्यांच्या शेतांवर राबून इथल्याच झाल्या होत्या.

आता एकदम विसाव्या शतकाच्या शेवटाकडे येऊ.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले आणि १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण, म्हणजे ज्याला सगळे 'साई' म्हणतात ते, स्थापन झाले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला भारताला एकही पदक मिळाले नाही. पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले आणि देशभर हळहळ झाली. ह्या हळहळीतून एक चांगली कल्पना निघाली. शहरातल्या मैदानांवरच खेळाडू का शोधायचे? डोंगरात, रानात, समुद्रकाठी ज्या मुलांचे अंग जगण्यामुळेच तयार झाले आहे, त्यांच्याकडे का जाऊ नये? 'स्पेशल एरिया गेम्स' ही योजना अशी जन्मली. तिच्यामागे बी. व्ही. पी. राव हे सनदी अधिकारी होते. केंद्रात क्रीडा खाते तेव्हा मंगळूरच्या मार्गारेट अल्वांकडे होते, त्यामुळे उत्तर कन्नड दिल्लीला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

१९८७ च्या सुमारास योजनेची माणसे सिद्दींच्या वस्त्यांवर आली. मुलामुलींच्या चाचण्या झाल्या, निवड झाली. ज्यांनी तालुक्याचे गावही नीट पाहिले नव्हते अशी पोरे साईच्या वसतिगृहांत दाखल झाली. दोन वेळचे पोटभर जेवण, पायांत बूट, शाळा आणि सकाळ-संध्याकाळ मैदान. ही लहान गोष्ट नव्हे. गुलामाचा वंशज म्हणून ज्यांच्याकडे शतकानुशतके पाहिले गेले, त्यांच्या दारात सरकार प्रथमच 'तुमच्यात काहीतरी आहे' असे म्हणत आले होते.

पण 'काहीतरी' म्हणजे काय, ह्याचे उत्तर निवडीच्या आधीच ठरलेले होते. हे आफ्रिकेचे रक्त, आफ्रिकी माणसे धावतात, तेव्हा ही मुलेही धावणार. बहुतेकांच्या वाट्याला धावण्याच्या आणि उड्यांच्या स्पर्धा आल्या त्या ह्या हिशेबाने. रंग पाहून साचा निवडला आणि मग त्या साच्यात मुले ओतली.

हा हिशेब कितपत खरा होता? आफ्रिका हा एक देश नव्हे, खंड आहे. लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकणारे केनियाचे धावपटू बहुतांशी रिफ्ट खोऱ्याच्या उंच पठारावरचे. कमी पल्ल्याच्या शर्यतींत जमैका पुढे, तर तिथे शाळांच्या राष्ट्रीय शर्यती १९१० पासून भरतात आणि लोक त्या आपल्याकडच्या जत्रेसारख्या पाहतात. म्हणजे नुसते रक्त धावत नाही. त्याच्यामागे उंची, आहार, शाळा, चढाओढ आणि पिढ्यान्पिढ्यांची सवय धावते. सिद्दींचे रक्त म्हणावे, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यांच्यात आफ्रिकी वारशाबरोबर भारतीय आणि बहुधा पोर्तुगीज वारसाही दाखवला. ज्या एका गोष्टीवर हिशेब मांडला होता, तीसुद्धा तितकी सरळ नव्हती.

ह्याच योजनेचे त्याच वर्षातले दुसरे उदाहरण पाहा. १९८७ मध्येच राजस्थानात उदयपूरकडच्या आदिवासी भागात धनुर्विद्येसाठी निवड झाली. तिथे लिंबा राम नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा आला. बांबूच्या धनुष्याने रानात शिकार करणारा. निवडणाऱ्यांनी त्याचे रक्त पाहिले नाही, त्याचा नेम पाहिला. त्याला दिल्लीला नेले आणि आर. एस. सोधी ह्या प्रशिक्षकाने त्याच्या हातात आधुनिक धनुष्य दिले. हत्यार बदलले, पण डोळा, दम रोखणे, बाण सोडण्याचा क्षण ओळखणे हे सारे घरून आलेले तसेच राहिले. पुढच्याच वर्षी तो सोल ऑलिंपिकमध्ये होता. १९९२ साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ३० मीटर अंतरावर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून त्याने तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

योजना एक, खाते एक, वर्ष एक. एका ठिकाणी मुलाच्या हातात जे आधीच होते त्यावर इमारत उभी राहिली. दुसऱ्या ठिकाणी मुलाच्या अंगात जे असेल असे वाटले त्यावर.

ह्या फरकाचा सर्वांत स्वच्छ दाखला मला अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतो. त्या खेळाचे आपल्या फुटबॉलशी नावापुरतेच नाते. त्यात 'क्वार्टरबॅक' नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक डावाला चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि कुणाकडे फेकायचा हे अंगावर माणसे धावून येत असताना दोन-तीन सेकंदांत त्याने ठरवायचे असते. १९६९ साली सिनसिनाटीच्या संघाकडे ग्रेग कुक नावाचा तरुण आला. त्याचा हात असा की चेंडू पार लांबवर जाई. त्याचा खांदा दुखावला आणि १९७० मध्ये त्याच्या जागी आला व्हर्जिल कार्टर. ह्याचा हात कमजोर. लांब फेक ह्याला जमण्यासारखी नाही. मात्र जवळची फेक अचूक, आणि डोके तल्लख.

दुसऱ्या कुणी त्याला लांब फेकायला शिकवत दोन वर्षे घालवली असती. तिथले साहाय्यक प्रशिक्षक बिल वॉल्श ह्यांनी खेळच बदलला. आखूड फेका, मैदानाच्या रुंदीचा वापर, प्रत्येकाने किती पावलांवर वळायचे ह्याचा नेमका हिशेब. कार्टरला जे येत होते त्याच्या भोवती त्यांनी सारी मांडणी रचली. त्या वर्षी संघाने आपला गट जिंकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला मुख्य प्रशिक्षक झाल्यावर वॉल्शनी १९७९ साली जो माँटाना हा तरुण निवडला, तो तिसऱ्या फेरीत, म्हणजे ऐंशीहून अधिक खेळाडू निवडले गेल्यावर. मांडणीला हवा तसा माणूस आणि माणसाला शोभेल तशी मांडणी ह्यांची गाठ पडली, आणि माँटानाच्या संघाने चार वेळा अजिंक्यपद मिळवले. आज त्या खेळात कोवळ्या क्वार्टरबॅकला घेताना पहिला प्रश्न हाच विचारतात, की आमच्या पद्धतीत हा बसेल का, आणि बसत नसेल तर पद्धत बदलायची आमची तयारी आहे का.

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. आमच्या सरकारी योजनांत पहिला प्रश्न असतो, दुसरा नसतो. आयुष्य कचेरीत गेल्यामुळे सांगतो, योजनेच्या कागदावर लाभार्थीचे वय, जात, उत्पन्न, तालुका ह्यांसाठी रकाने असतात. त्याला काय येते, ह्यासाठी रकाना नसतो.

कोणी म्हणेल, मोझांबिकचे माणूस धावतच नाही की काय? धावते, आणि जग जिंकते. मारिया मुतोला ही मापुतोची मुलगी. लहानपणी ती मुलांबरोबर फुटबॉल खेळत असे. तिला मैदानावर हेरले ते जोझे क्राव्हेरिन्या ह्यांनी. हे पोर्तुगीज भाषेतले थोर कवी, १९९१ चा कामोंइश पुरस्कार मिळवणारे. त्यांनी ह्या मुलीला धावण्याकडे वळवले. १९८८ च्या सोलला ती पंधरा वर्षांची असताना धावली आणि मागे पडली. १९९१ साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेली, तिथे शाळा आणि प्रशिक्षक दोन्ही मिळाले. २००० साली सिडनीला तिने ८०० मीटरचे सुवर्णपदक घेतले. सोल ते सिडनी, बारा वर्षे. एका कवीने एका मुलीला पाहिले. तिच्या वंशाला नव्हे, तिला. आणि मग बारा वर्षे कोणीही फाईल बंद केली नाही.

सिद्दींची फाईल बंद झाली. १९९३ च्या सुमारास त्यांच्यासाठीची योजना गुंडाळली गेली, म्हणजे सहा-सात वर्षांत. बारा वर्षांचे मूल आणले तर तेवढ्या काळात ते जेमतेम खऱ्या स्पर्धेच्या वयाला पोहोचते. एवढ्या वेळातही काही नावे वर आलीच. कमला सिद्दी अडथळ्यांच्या शर्यतीत चमकली. जुजे जॅकी हरनोडकर धावपटू म्हणून पुढे आला. त्याचे 'जुजे' हे नाव ऐकून कोणत्याही गोंयकाराचे कान टवकारतील, कारण हा आपला जोझेच. खेळाच्या बळावर काहींना नोकऱ्या मिळाल्या. ज्या घरात कोणाला पगाराचे पाकीट ठाऊक नव्हते तिथे पगार आला. ऑलिंपिक पदकाच्या मोजपट्टीने योजना फसली असेल, पण ह्या मोजपट्टीने ती अगदीच फुकट गेली नाही. बाकीची पोरे मात्र अर्ध्या वाटेवरून गावी परतली. वसतिगृहाने त्यांची शेतीची सवय मोडली होती आणि मैदान तर हातातून गेलेच होते. पुढे २००३ साली उत्तर कन्नडातल्या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. तो त्या मुलांसाठी दहा वर्षे उशिरा आला.

आपणही ह्यातून सुटलेले नाही. गोव्याचे मूल म्हणजे फुटबॉल, असे आपणच बोलत असतो. मडगावचा दिलीप सरदेसाई ह्याच समजुतीत अडकला असता तर? तो मुंबईला गेला, तिथे त्याला क्रिकेटची शाळा भेटली, आणि १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये ६४२ धावा काढून त्याने भारताला तिथली पहिली मालिका जिंकून दिली.

गेल्या काही वर्षांत मुंडगोड भागात 'ब्रिजेस ऑफ स्पोर्ट्स' सारखी संस्था सिद्दी मुलांबरोबर काम करू लागली आहे. मुलांना लांबच्या शहरात उचलून नेण्याऐवजी त्यांच्याच जिल्ह्यात मैदान करावे, हा विचार मला मोलाचा वाटतो. घराजवळ असलेल्या मुलाकडे रोज पाहता येते, आणि रोज पाहिल्यावाचून त्याला काय येते ते कळत नाही. कदाचित एखादी मुलगी धावणार नाही, कुस्तीच खेळेल. एखादा मुलगा मैदानावर नव्हे, दमामाच्या तालावरच आपले खरे अंग दाखवील. तेही चालले पाहिजे.

कुंभार आधी माती हातात घेऊन बघतो, तिच्यात वाळू किती, चिकटपणा किती. त्यावरून घागर करायची की पणती ते ठरवतो. मातीचा रंग पाहून कोणी मडके घडवत नाही. सिद्दींच्या मुलांच्या बाबतीत आपल्याला एवढेही सुचले नाही. त्यांचे पूर्वज गोव्यात उतरले तेव्हा बाजारात त्यांच्या दंडाचे, दातांचे मोजमाप झाले होते. नंतर चारशे वर्षांनी, भल्या हेतूने का होईना, पुन्हा रंगच पाहिला गेला. तिसऱ्या वेळी तरी मुलाला विचारावे, बाबा, तुला काय येते?