पाऊस कोणाच्या भांड्यात पडला?

मुंबईकर ज्या पावसाला ‘सव्वीस जुलै’ म्हणतात, तो हवामान खात्याच्या तक्त्यात 27 जुलै 2005 या तारखेसमोर लिहिलेला आहे. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. त्या घटकेला मापकात जेवढे पाणी असेल, ते त्या सकाळच्या खात्यावर जमा होते. त्या सकाळी सांताक्रूझला 944.2 मिलिमीटरची नोंद झाली. तिथून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला भरले 73.4 मिलिमीटर. कुलाब्याला जुलैत एवढा पाऊस पडला तर कोणी मान वळवूनही पाहत नाही. सांताक्रूझला मापक नसता, तर शंभर वर्षांनी जुन्या वह्या चाळणाऱ्याला त्या दिवशी मुंबईत काही विपरीत घडले याचा सुगावाही लागला नसता.

पावसाच्या जुन्या नोंदींत अशा विचित्र गोष्टी पदोपदी भेटतात. कुठे उंचावर कमी पाऊस पडतो, कुठे रविवारी पडतच नाही, कुठे अकरा वर्षांनी दुष्काळ फेर धरून येतो. आपण याचा जाब आभाळाला विचारतो. पण भांड्याचा इतिहास चाळला की ध्यानात येते, यातल्या बहुतेक विचित्र गोष्टी जमिनीवरच्या आहेत. भांडे कोणी ठेवले, कुठे ठेवले आणि कशासाठी ठेवले, यावर त्यातला पाऊस ठरत आला आहे.

आपल्याकडचा सर्वांत जुना उल्लेख कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला. पाऊस मोजायचे हातभर रुंद तोंडाचे कुंड कुठे ठेवावे, तर कोष्ठागारात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, असे तिथे सांगितले आहे. ज्योतिषाच्या घरी किंवा देवळात नाही. ते सांभाळायचे कोठारावरच्या अधिकाऱ्याने आणि त्याचा हिशेब पाहून पेरणी ठरवायची सीताध्यक्षाने, म्हणजे शेतीखात्याच्या प्रमुखाने. पावसाचे माप होते द्रोण, आणि धान्याचे मापही द्रोणच. आत येणारे पाणी आणि आत येणारे धान्य एकाच मापात लिहिणाऱ्या राज्याला या दोहोंतले नाते नेमके हवे होते. सीताध्यक्षाच्या प्रकरणात प्रदेशवार आकडेही आहेत. कोरड्या मुलखाला 16 द्रोण, पाणथळ मुलखाला त्याच्या दीडपट, अवंतीला 23, आणि गोदावरीकाठच्या अश्मकाला अवघे साडेतेरा. अपरान्ताला, म्हणजे आपल्या कोकणाला, मापच दिलेले नाही. तिथला पाऊस अमित. अश्मक आणि अपरान्त यांच्यातली ही तफावत आजच्या मराठवाड्याच्या आणि रत्नागिरीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. नुसत्या बेरजेवर हा ग्रंथ थांबत नाही. एकूण पावसाचा तिसरा हिस्सा पावसाळ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून, आणि उरलेले दोन हिस्से मधल्या दोन महिन्यांत पडले तर ते वर्ष चांगले, असा निकषही त्यात आहे.

पुढे वराहमिहिराने बृहत्संहितेत हातभर व्यासाचेच भांडे सांगितले आणि आढकाचे माप दिले; चार आढकांचा एक द्रोण. हे आढक पंचांगाच्या संवत्सरफलात अजून तग धरून आहेत. मात्र तिथे ते पडलेला पाऊस मोजत नाहीत, पडणाऱ्याचे भाकीत सांगतात. मोजण्याचा नियम टिकला, भाकीत टिकले. प्रत्यक्ष मोजलेल्या पावसाची वही तेवढी टिकली नाही.

वही टिकली ती कोरियात. पंधराव्या शतकात तिथल्या राजदरबाराला प्रांतोप्रांतीहून पावसाचे अहवाल येत, आणि त्यांतला आकडा असे जमिनीत ओल किती खोल गेली याचा. आपल्याकडेही पहिला मोठा पाऊस झाला की शेतकरी ढेकूळ उकरून ‘ओल वीतभर गेली’ असे म्हणतो. पेरणीसाठी तेवढे पुरते. पण सारा ठरवण्यासाठी पुरत नाही, कारण तोच पाऊस तापलेल्या रानात एक भरतो आणि भिजलेल्या रानात दुसरा. सेजोंग राजाच्या युवराजाने ही अडचण हेरली. 1441 मध्ये त्याने धातूच्या भांड्यात पाणी साठवून त्याची खोली मोजायची रीत आणली आणि पुढच्याच वर्षी ठरावीक मापाची भांडी प्रांतांना आणि जिल्ह्यांना धाडली गेली. सोळाव्या शतकाअखेरच्या युद्धांच्या धामधुमीत ती भांडी गेली आणि मोजणीही मोडली. 1770 मध्ये योंगजो राजाने ती पुन्हा सुरू केली. तेव्हापासूनचा सोलचा पाऊस दरबारी रोजनिशांतून आजही काढता येतो. एका गावचा इतका लांबलचक पाऊस जगात फार थोड्या ठिकाणी लिहिलेला आहे.

युरोपात पर्जन्यमापक आला तो वेगळ्या दाराने. तिथे तो हौशी विद्वानांचा उद्योग होता. 1639 मध्ये बेनेदेत्तो कास्तेल्लीने पेरूजा इथे काचेचे भांडे पावसात ठेवले आणि गॅलिलिओला कळवले. त्याला जवळच्या तळ्याची पातळी किती चढेल याचा अंदाज हवा होता. 1677 पासून लँकेशरचा रिचर्ड टाउनली घराच्या छपरावर नरसाळे बसवून त्याची नळी थेट खोलीत घेऊ लागला. भिजायला नको, बाहेर जायला नको. या सोयीतूनच पुढे शंभर वर्षे पुरेल असे एक कोडे निपजले.

लंडनचा वैद्य विल्यम हेबर्डन याने जुलै 1766 पासून वर्षभर तीन मापके ठेवली: एक जमिनीलगत, एक घराच्या छपरावर आणि एक वेस्टमिन्स्टर ॲबीच्या माथ्यावर. जमिनीवर 22.6 इंच पाऊस भरला, छपरावर 18.1 आणि ॲबीवर अवघा 12.1. ढगाच्या जितके जवळ जावे तितका पाऊस कमी! तर्कांना ऊत आला. बेंजामिन फ्रँकलिनसारख्याने असे सुचवले, की वरून येणारा थंड थेंब वाटेतल्या हवेची वाफ अंगावर घेत खाली येतो, म्हणून तो जमिनीपाशी मोठा होतो. तर्क देखणा होता, आणि चुकीचा. 1861 मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुणाने त्याचा निकाल लावला. उंचावर वारा जोराचा असतो. भांड्याच्या काठावर आदळून तो वर उसळतो आणि थेंबांना तोंडावरून पलीकडे उडवून नेतो. पाऊस सगळीकडे तितकाच होता, भांड्यात तेवढा पडत नव्हता.

हाच जेव्हन्स पुढे थोर अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजला गेला, आणि भारताच्या पावसाशी त्याची गाठ पडली तीही चमत्कारिक रीतीने.

कंपनी सरकारच्या मुलखात पाऊस मोजणारी मंडळी होती डॉक्टर, लष्करी अधिकारी आणि वेधशाळेतले लोक. दख्खनचा पहिला पद्धतशीर हवामानवृत्तांत लिहिला कर्नल विल्यम साइक्सने, 1835 मध्ये. त्याची सरकारी नेमणूक होती मुंबई सरकारचा सांख्यिकी वृत्तलेखक म्हणून. गावे, पिके, माणसे मोजता मोजता त्याने हवाही मोजली. मद्रासच्या वेधशाळेत 1813 पासून पाऊस लिहिला जात होता, आणि कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. मापक तिथेच असे जिथे गोऱ्या साहेबाचे ठाणे असे. चेरापुंजीची कीर्तीही त्यातूनच झाली. तिथे खासी टेकड्यांच्या कारभाराचे ठाणे होते, म्हणून मापक होता. ऑगस्ट 1841 मध्ये हेन्री यूलने तिथे 264 इंच पाऊस नोंदवल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरने लिहून ठेवले आहे. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत तिथे सुमारे 26,470 मिलिमीटर भरले आणि तो आकडा अजून जागतिक विक्रम आहे. 1860 च्या दशकात ठाणे शिलाँगला हलले, पण नाव चेरापुंजीचेच राहिले. जवळच्याच मॉसिनरामचा पाऊस सरासरीत त्याहून जास्त भरतो हे कळायला तिथे भांडे जावे लागले.

मग 1876 ते 1878 चा भीषण दुष्काळ आला. दख्खन आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसे मेली. साहेबाला उत्तर हवे होते, आणि ते वहीत सापडल्यासारखे वाटले. सरकारी सांख्यिकी अधिकारी विल्यम हंटरने मद्रासचा 1813 पासूनचा पाऊस सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याशी ताडून पाहिला आणि डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असा निष्कर्ष 1877 मध्ये मांडला. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्याला येऊन मिळाला. जेव्हन्स तर चार पावले पुढे गेला. सूर्याचे डाग भारतातले पीक ठरवतात, पीक बुडाले की हिंदी रयतेची इंग्लिश माल घेण्याची ऐपत बुडते, आणि म्हणून इंग्लंडच्या बाजारात दर दहा-साडेदहा वर्षांनी मंदी येते, असे त्याने मांडले. उंचीच्या कोड्यात भांड्याकडे बोट दाखवणारा हा माणूस इथे भांडे विसरला. हंटरचा पुरावा मुख्यतः एका शहरातला होता, आणि मद्रासला मोठा पाऊस पडतो तो परतीच्या मोसमात. दख्खनच्या नैर्ऋत्य पावसाची साक्ष तो कशी देणार? शिवाय चौसष्ट वर्षांतही डागांचे फेरे सहाच भरतात. सहा फेऱ्यांवर नियम उभा करणे म्हणजे सहा वेळा नाणे उडवून ते खोटे ठरवण्यासारखे आहे. या सिद्धान्ताची एक सोयही होती. दुष्काळ सूर्याने आणला, तर साऱ्याच्या बोज्याची आणि परदेशी रवाना होणाऱ्या धान्याची चौकशी करायचे कारण उरत नाही.

1875 मध्ये हेन्री ब्लॅनफर्डच्या हाताखाली हवामान खाते उभे राहिले आणि विखुरलेली भांडी एका वहीत येऊ लागली. पुढे 1904 ते 1924 या काळात खात्याच्या प्रमुखपदी असलेल्या गिल्बर्ट वॉकरने जगभरच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरच्या वायुदाबाचा झोका शोधून काढला. मान्सूनशी नाते असलेला हा आकृतिबंध खरा निघाला, कारण तो शेकडो ठिकाणच्या आकड्यांतून गाळून आलेला होता.

भांड्यालाही शिस्त लागली. इंग्लंडात जॉर्ज सायमन्सने 1860 पासून हौशी निरीक्षक गोळा करायला घेतले. तो 1900 मध्ये वारला तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांवर गेली होती. त्याच्या नावाचा पाच इंच तोंडाचा मापक आपल्याकडे मामलेदार कचेऱ्यांच्या आवारात रोवला गेला, काठ जमिनीपासून बरोबर फूटभर वर ठेवून. जेव्हन्सचा वारा लक्षात ठेवूनच ही उंची ठरली. वाचणारा मात्र माणूसच राहिला, आणि माणूस नोंदीत डोकावतोच. ऑस्ट्रेलियात पुष्कळ मापके टपाल कचेऱ्यांत होती. शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणून तीन दिवसांचे पाणी सोमवारच्या नावावर जाई. दोन संशोधकांनी 2004 मध्ये हे आकडे तपासून आपल्या लेखाला मथळाच दिला, की रविवारी पाऊस पडतच नाही. अमेरिकेतल्या स्वयंसेवकांच्या वह्यांत पाच आणि दहाच्या पटीतले आकडे गरजेपेक्षा जास्त भेटतात आणि बारीक सरी नोंदवायच्या राहून जातात. आपल्याकडे तर व्याख्याच तशी आहे: चोवीस तासांत अडीच मिलिमीटरहून कमी पडले, तर तो पावसाचा दिवस मोजलाच जात नाही.

आज महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. आकडा आपोआप जातो, कारकुनाच्या हाताची भानगड नाही. पण भांडे पुन्हा महसुलाच्याच दारात आहे, आणि त्याच्या आकड्यावर पैसा ठरतो. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पडले तर ते मंडळ अतिवृष्टीचे, मग पंचनामे आणि मदत. 60 मिलिमीटर पडून सोयाबीन कुजले तर नियमाच्या लेखी अतिवृष्टी झालीच नाही. ही फट बुजवायला राज्याने 2023 मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आणखी एक आपत्ती मान्य केली आणि तिलाही आकडा लावला: सलग पाच दिवस, रोज किमान दहा मिलिमीटर. शिवाय एका मंडळात अनेक गावे असतात, भांडे एकच. ज्या शिवारात ढग फुटला तिथे ते नसेल, तर मदतीच्या यादीत ढग फुटलेला नसतो.

म्हणून गावात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात एक साधा मापक असावा, आणि वही असावी. तीत आकड्याइतकीच चार गोष्टींची नोंद हवी: भांडे कुठे आहे, आसपास झाड-भिंत काय आहे, वाचले किती वाजता, आणि न वाचलेला दिवस कोणता. न वाचलेल्या दिवशी शून्य लिहायचे नाही, जागा कोरी सोडायची. सायमन्सच्या तीन हजार लोकांनी याहून अवघड काही केले नव्हते. मंडळाच्या आकड्याशी वाद घालायची वेळ आली, तर गावाकडे स्वतःचा आकडा असेल; आणि तो कसा आला हे तिथेच लिहिलेले असेल.